काइल फील्डवरचा पहिला शनिवार: कॉलेज फुटबॉलच्या सामन्याला कसं जावं

ऑगस्टमध्ये एमएसला आलेली आपली मुलं सप्टेंबरात हमखास विचारतात, "शनिवारी गावात एवढी गर्दी कसली?" मीही विचारलं होतं, पण त्याआधी एक घोळ घातला होता. लायब्ररीत जायचं म्हणून हाताला लागला तो टी-शर्ट चढवला: आमच्या मंडळाच्या शिवजयंतीचा, भगवा, पाठीवर राजमुद्रा. बसमध्ये चढलो तर अख्खी बस मरून कपड्यांत, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. शेवटी एका आजींनी हसत विचारलं, "बाळा, चुकीच्या गावात उतरलास की काय?" टेक्सासमध्ये केशरी म्हणजे ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा रंग, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा. त्यांच्या केशरीत जरा विटकरी झाक असते, पण हा फरक त्या बसला समजावणार कोण? आजींनी पिशवीतली मरून टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आज ही घाल."

हे कॉलेज स्टेशन, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं गाव. ह्यूस्टनपासून गाडीने दीड-दोन तास. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, आणि विद्यापीठाच्या काइल फील्ड स्टेडियमची क्षमता १,०२,७३३. तीन वानखेडे एकात बसतील. आणि हे सगळं विद्यार्थ्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी! खाली लिहिलंय ते याच मैदानाबद्दल. दुसऱ्या विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी पुढे थोडं आहे.

सगळ्यात आधी: तिकिटाबरोबर काम मिळतं

विद्यार्थ्यांच्या भागात साडेतीन तास कुणी बसत नाही. खुर्च्या नाहीत, बाक आहेत, आणि बाकांचा उपयोग उभं राहायला. याचं कारण कळलं नाही तर तुम्ही अर्ध्या तासात पाय दुखतात म्हणून घरी जाल, म्हणून ती गोष्ट आधी.

२ जानेवारी १९२२, डॅलस. ए अँड एमचा सामना सेंटर कॉलेजशी, जो तेव्हाचा देशातला एक दादा संघ. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते आणि प्रशिक्षक डॅना बायबल यांच्याकडे बदली माणसं संपत आली. ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेला होता. त्या दिवशी तो वर पत्रकारांच्या कक्षात होता आणि कोण कुठला खेळाडू हे वार्ताहरांना ओळखून देत होता. बायबलनी त्याला खाली बोलावलं. गिलने स्टँडखाली एका जखमी खेळाडूचे कपडे अंगावर चढवले आणि मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत तो तसाच उभा होता. ए अँड एम २२-१४ ने जिंकला आणि गिल एकदाही मैदानात उतरला नाही.

बस, एवढीच गोष्ट. खेळलाच नाही अशा माणसाचा पुतळा स्टेडियमबाहेर आहे. मैदानात ११ जण खेळतात, बारावा तयार उभा असतो, आणि तो बारावा म्हणजे अख्खा विद्यार्थीवर्ग. म्हणून उभं राहायचं. १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी याच्या पुढची पायरी गाठली: खेळाची शिष्यवृत्ती नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांमधून निवड करून किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करायच्या लाथेला, मैदानात धावणारी तुकडी उभी केली. आजही असा एक खेळाडू १२ नंबरची जर्सी घालतो. "ट्वेल्थ मॅन" हे शब्द विद्यापीठाने १९९० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेत. सिएटल सीहॉक्स हा व्यावसायिक संघ तेच शब्द वापरायला लागला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये, वापराचे पैसे देण्याच्या बोलीवर मिटलं. श्रद्धेलाही वकील लागतो.

तिकीट: सोमवारची रांग

विद्यार्थ्यांनी मोसमाआधी स्पोर्ट्स पास घ्यायचा. पण पास म्हणजे जागा नव्हे. सामन्याच्या आठवड्यात जागा उचलावी लागते, त्याला "तिकीट पुल" म्हणतात. सोमवारी शेवटच्या वर्षाचे, मंगळवारी तिसऱ्या, बुधवारी दुसऱ्या, गुरुवारी पहिल्या वर्षाचे. यात आपल्या फायद्याची गोष्ट अशी की एमएस आणि पीएचडीवाले सोमवारीच उचलू शकतात. पीएचडीचं सहावं वर्ष चालू असेल तर सहा मोसम सोमवार तुमचा. गाइड सोडतच नसेल तर तेवढंच समाधान.

मित्रांचे पास एकत्र केले तर गटाला शेजारशेजारच्या जागा मिळतात. मोठ्या सामन्याला मुलं आदल्या दिवसापासून तंबू ठोकून रांग लावतात, होमवर्कसकट. नियम दर मोसमात थोडे बदलतात, म्हणून विद्यापीठाच्या खेळ विभागाचं पान ऑगस्टमध्येच वाचा. व्हॉट्सॅप ग्रुपवरच्या सीनियरचं ज्ञान बहुधा दोन वर्षं शिळं असतं. माझंही धरून.

मोसम ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, १२ सामने, त्यातले साधारण निम्मे घरी, आणि जवळजवळ सगळे शनिवारी. पहिल्यांदा जाताना दुबळ्या संघाविरुद्धचा सामना निवडा. तिकीट सहज मिळतं आणि सगळे घोष शिकायला वेळ मिळतो.

खेळ: इतकंच पुरे

माझे बाबा आले होते तेव्हा पाचव्या मिनिटाला म्हणाले, "अरे, पाय लागतच नाही चेंडूला, फुटबॉल कसला हा?" गंमत म्हणजे पहिल्या कॉलेज सामन्यात पायच लागत होता. ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या त्या सामन्यात प्रत्येक बाजूला २५ जण होते, चेंडू उचलून पळायला मनाई होती, आणि रटगर्स ६-४ ने जिंकलं. हातातला खेळ नंतरचा.

आता एवढं लक्षात ठेवा. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात, म्हणून फलकावर "तिसरा आणि सात" दिसलं की तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, ६ गुण. मग खांबांमधून लाथ मारून आणखी १, किंवा पुन्हा पट्ट्यात घुसून २. टचडाऊन जमत नसेल तर लांबून लाथ मारून ३. पंधरा मिनिटांचे चार भाग, म्हणजे क्वार्टर, पण घड्याळ सारखं थांबतं. साडेतीन तास धरून चला. बाकीचं शेजारचा सांगेल. न विचारता सांगेल.

कपडे, पिशवी आणि ऊन

मरून घाला. कधीकधी पांढरा किंवा काळा घालायचा असतो, ते आधी जाहीर होतं. केशरी कपाटात.

दप्तर नेऊ नका. आरपार दिसणारी, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची पिशवी चालते, किंवा तळहाताएवढी पर्स. छत्रीही आत नेता येत नाही, पावसासाठी घडीचा रेनकोट ठेवा. पाण्याच्या बाटलीचा नियम त्या त्या मोसमाचा बघा.

उन्हाबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. विद्यार्थ्यांचा भाग स्टेडियमच्या पूर्वेला आहे, म्हणजे तुमचं तोंड पश्चिमेला. दुपारी अडीचचा सामना असेल तर पूर्ण दुसरा अर्ध ऊन डोळ्यांत. सप्टेंबरात पारा ३५ च्या वर असतो. आपण विदर्भातले आहोत, आपल्याला काय ऊन, असं म्हणणारा माझा एक नागपूरचा रूममेट तिसऱ्या क्वार्टरला खाली सावलीत लिंबूपाणी पीत बसला होता. विदर्भात आपण भर दुपारी चार तास उभं राहून ओरडत नाही, एवढा हिशेब राहिला होता. टोपी, सनस्क्रीन, आणि आदल्या रात्रीपासून पाणी.

गाडी असेल तर ती शुक्रवारीच कुठे हलवायची ते बघून ठेवा. स्टेडियमजवळची पार्किंगं सामन्यासाठी रिकामी करून घेतात आणि राहिलेली गाडी उचलून नेतात.

शुक्रवारी मध्यरात्री

एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघा, हिला तिकीटही लागत नाही. घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता हजारो लोक स्टेडियममध्ये जमतात आणि उद्या कसं ओरडायचं याची तालीम करतात. नाव मिडनाइट येल (येल म्हणजे घोष), रीत १९३१ सालची. इथे नाचणाऱ्या चीअरलीडर नाहीत. विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडलेले पाच येल लीडर असतात, पांढऱ्या कपड्यांत, आणि ते हातांच्या खुणांनी घोष ठरवतात. लाखभर लोकांना एकाच वेळी खूण कशी दिसणार? पुढच्या रांगा ती बघतात, तीच खूण हातांनी मागे देतात, मागचे त्यांच्या मागे. पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे सांगायला नको: ताशाची काडी वर गेली की शेवटच्या रांगेतल्या ढोलापर्यंत निरोप जातो, आणि हात बदलतो. तसंच. मी पथकात तीन वर्षं ढोल ओढला होता, त्यामुळे हे गणित मला पहिल्याच रात्री सुटलं. घोषातले शब्द मात्र नाही सुटले. मी "हुल्लाबलू" नंतर नुसतं तोंड हलवत होतो, आणि शेजारीही तेच करत होता असं नंतर कळलं.

घोष देताना सगळे कमरेतून वाकतात, हात गुडघ्यांवर. आवाज पोटातून निघावा म्हणून. "व्हूप!" हा आरोळीचा शब्द पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी वापरायचा नाही अशी जुनी रीत आहे. शेवटी दिवे जातात आणि जोडपी चुंबन घेतात. एकटे असलेले पूर्वी लायटर पेटवून उभे राहत, आता मोबाइलचा टॉर्च. कुणी सोबत मिळतं का बघायला. आई-बाबांना आणलं असेल तर दिवे जायच्या जरा आधी "चला, बस चुकेल" म्हणा.

शनिवार सकाळ: टेलगेट आणि खाणं

सामन्याच्या चार-पाच तास आधी हिरवळी आणि पार्किंग तंबूंनी भरतात. शेगड्या, टीव्ही, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सगळे मरून. याला टेलगेट म्हणतात. अनोळखी तंबूसमोर थांबून "हाउडी" म्हटलं की बहुधा हातात कागदी ताट येतं. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आम्ही एकदा चाळीस बटाटेवडे नेले, लसणाच्या सुक्या चटणीसकट. पुढच्या सामन्याला तो तंबू आम्हाला शोधत आला.

ताटात काय येतं ते मात्र ओळखा, कारण विचारायचा संकोच करून आपली बरीच मुलं फसतात. ब्रिस्केट म्हणजे गोमांस, आणि टेक्सासचा प्राण. चिली म्हणजे मिरची नव्हे, तीही गोमांसाची. सॉसेजमध्ये गाय-डुक्कर दोन्ही असू शकतं. नुसत्या दिसणाऱ्या राजम्यातही बरेचदा बेकन असतं. चीजचं पातळ क्वेसो आणि चिप्स बहुतेक वेळा शाकाहारी असतं, तरी विचारून घ्या. व्हेज पॅटी नेली तर शेगडीवर फॉइल घालून त्यावर भाजायला सांगा. कुणी वाईट मानत नाही. दारू २१ च्या आत नाही, आणि ओळखपत्र सोबत हवं.

आई-बाबांना फिरवत असाल तर मेमोरियल स्टुडंट सेंटरपाशी दोन गोष्टी सांभाळा. भोवतालच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही आणि आत टोपी काढायची. युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची ती वास्तू आहे. माझ्या बाबांना एका गणवेशातल्या मुलाने फार अदबीने टोपी काढायला सांगितली. बाबांना वाटलं मुलगा सैन्यात आहे. तो विद्यापीठाच्या कॅडेट कोरचा, म्हणजे लष्करी शिस्तीतल्या विद्यार्थी पथकाचा होता, वय एकोणीस.

त्या कोरमधली सगळ्यात वरच्या हुद्द्याची सदस्य म्हणजे रेव्हेली, एक कोली जातीची कुत्री. पहिली रेव्हेली १९३१ मध्ये आली. वर्गात ती भुंकली तर वर्ग सुटतो, आणि कॅडेटच्या पलंगावर झोपली तर कॅडेटने जमिनीवर झोपायचं. गेलेल्या रेव्हेलींना स्टेडियमच्या उत्तरेच्या बाहेर पुरलंय, गुणफलकाकडे तोंड करून. स्टेडियम वाढवल्यावर फलक दिसेना, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा छोटा गुणफलक लावला. मला या गावाची ओळख कुणी विचारली तर मी तो छोटा फलक दाखवतो.

आत: ओरडायचं कधी

पहिल्यांदा गेलेल्यांची इथे हमखास चूक होते. आपण विकेट पडल्यावर ओरडतो. इथे चेंडू सुटायच्या आधी ओरडतात, आणि तेही फक्त समोरच्यांकडे चेंडू असताना. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा मुख्य खेळाडू, आपल्या माणसांना तोंडाने सूचना देतो, चेंडू कुठल्या हाकेवर सुटणार ते ठरलेलं असतं. ती हाक ऐकू आली नाही की एखादा दांडगा गडी आधीच हलतो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. २०२४ पासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी आहे, पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. ते १५ सेकंद तुमचे. तेव्हा घसा फुटेपर्यंत ओरडा.

आपल्या संघाकडे चेंडू आला की चूप. खरोखर चूप. मी पहिल्याच सामन्यात आपला क्वार्टरबॅक उभा असताना "कम ऑन" ओरडलो आणि पुढच्या तीन रांगा वळल्या.

हुर्यो करायची नाही, पंच कितीही आंधळा असला तरी. हिस्स् असा आवाज चालतो. युद्धगीताच्या शेवटी शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून डावी-उजवीकडे डोलायचं असतं. ऑस्टिनवाल्यांचं चिन्ह असलेल्या बैलाची शिंगं करवतीने कापायची ती कृती. वरच्या मजल्यावर असाल तर काँक्रीट पायाखाली खरंच हलतं. घाबरू नका. टचडाऊन झाला की पुन्हा चुंबनाची रीत, तेव्हा आईला स्कोअरबोर्ड दाखवा.

बाथरूमला जायचं तर दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी पळा. मध्यंतरात जायचं नाही, कारण तेव्हा कॅडेटांचा बँड येतो. सुमारे चारशे जण, लष्करी शिस्तीत, एकमेकांच्या आरपार जाणाऱ्या रांगा, कुणाचा कुणाला धक्का नाही. खेळ आवडला नाही तरी बाबांना हे आवडलं.

एक जागा आणि एक टोचणी

सामन्याच्या दिवशी नको, एरवी एका संध्याकाळी बोनफायर मेमोरियलला जाऊन या. ऑस्टिनवाल्यांविरुद्धच्या सामन्याआधी विद्यार्थी स्वतः ओंडके रचून प्रचंड होळी पेटवत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे, रचणं चालू असतानाच तो ढीग कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. स्मारकात १२ कमानी आहेत, प्रत्येक कमान त्या त्या मुलाच्या गावाच्या दिशेने तोंड करून. आठवड्याभराने ठरलेला सामना झाला, ऑस्टिनच्या बँडने टोप्या काढल्या, आणि ए अँड एम २०-१६ ने जिंकला. विद्यापीठाने ती होळी नंतर कधी पेटवली नाही. ही भक्ती काय काय मागू शकते ते तिथे उभं राहिलं की कळतं.

टोचणी पैशाची. २०२३ मध्ये इथल्या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. आमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात स्टायपेंडचा विषय फार निघाला.

दुसऱ्या विद्यापीठात असाल तर

नियम तेच: उभं राहा, रंग सांभाळा, कधी चूप बसायचं ते शिका. आयोवात पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतं, वरच्या मजल्यावरची आजारी मुलं काचेतून हात हलवतात. २०१७ पासूनची रीत. तेव्हा फोन बघत बसू नका. ओहायो स्टेटमध्ये बँड "ओहायो" अक्षरं रेखतो आणि शेवटी एक मोठं पितळी वाद्य घेतलेला वादक इंग्रजी "i" च्या टिंबाच्या जागी येऊन वाकतो, ते चुकवू नका. नेब्रास्कात १९६२ पासून प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत, तिथे सोय लवकर करा.

सामना संपल्यावर

जिंकलात तर काय करायचं ते गर्दीच सांगेल. पहिल्या वर्षाचे कॅडेट येल लीडरांना पकडून कारंज्यात टाकतात, मागे मागे जा.

हरलात तर थांबा. समोरचे स्टँड रिकामे होत असतात, पार्किंगमध्ये हॉर्न वाजत असतात, आणि विद्यार्थी जागचे हलत नाहीत. येल लीडर पुढे येतात आणि पुढच्या सामन्याची तालीम सुरू होते. ३० नोव्हेंबर २०२४ ला, तेरा वर्षांनी ऑस्टिनवाले इथे आले आणि १७-७ ने जिंकून गेले, तेव्हाही. इथे "हरलो" म्हणत नाहीत, "वेळ संपला" म्हणतात. मला आधी हे नुसतं पोरकट वाटायचं.

त्यानंतर बसच्या रांगेत उभं राहू नका, तासभर जातो. दोन-तीन मैलांत राहत असाल तर चालत जा, सगळे चालतात. आणि घरी फोन शनिवारी सकाळीच करून टाका. रविवारी आवाज बसलेला असतो आणि आईला वाटतं सर्दी झालीय.